पाय कोणी घातला

मार्सबी
१९ नोव्हेंबर १९७४

मिस्टर ऑर्मरॉड यांस,

हे पत्र तुम्ही न वाचता फाडलंत तरी मला राग येणार नाही. मी डेनिस गार्बट. शनिवारी ब्रॅकनशॉला तुमच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात मार्सबीकडून मधल्या फळीत खेळत होतो, तो. तुमची नडगी ज्याच्यामुळे मोडली, तो.

काय झालं ते मला नीट आठवत नाही, देवाशपथ. चेंडू आपल्या दोघांच्या मधे होता आणि मी त्याच्यासाठी घसरलो, एवढंच आठवतं. मग तो आवाज. त्याबद्दल लिहीत नाही, तुम्हीही ऐकलात.

रेफरीने मला बाहेर काढलं. ड्रेसिंग रूमकडे जाताना कठड्याशी एक म्हातारी उभी होती. वाटलं, आता ही थुंकणार. ती नुसती म्हणाली, "चौदा वर्षं दर शनिवारी बघतो रे आम्ही त्याला." त्यापेक्षा थुंकली असती तर बरं झालं असतं.

मी वीस वर्षांचा आहे. हा माझा दुसराच हंगाम. वडील इथल्या बंदरावर मासळी उतरवतात. ते म्हणाले, "माफी मागायची तर स्वतःच्या अक्षरात माग, आणि कारणं सांगू नकोस." म्हणून कारणं सांगत नाही. मला माफ करा.

आईने धुरी दिलेले हेरिंग मासे पाठवले आहेत.

डेनिस गार्बट


ब्रॅकनशॉ
२७ नोव्हेंबर १९७४

मिस्टर गार्बट,

मासे मिळाले. शेजारच्या मांजराला घातले.

मी क्लिफर्डची बायको. तो लिहिण्याच्या अवस्थेत नाही. नडगीची दोन्ही हाडं मोडलीत आणि एक कातडीबाहेर आलं होतं. तुम्ही कोणाचा पाय मोडलात ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. चौथ्या डिव्हिजनमध्ये, एकाच संघासाठी, पाचशे अकरा सामने. दोनदा संघ लीगमधून बाहेर फेकला जायची वेळ आली आणि दोन्ही वेळा शेवटच्या शनिवारी हाच माणूस चिखलात उभा राहिला. एकदा बरगडी मोडलेली असताना. डॉक्टरला सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही. आंघोळीच्या वेळी ओरडला तेव्हा कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो टपाल वाटतो. या गावात एक दार असं नाही जिथे त्याला आत बोलावून चहा देत नाहीत.

पुन्हा लिहू नका.

हिल्डा ऑर्मरॉड


ब्रॅकनशॉ
९ जानेवारी १९७५

डेनिस,

हिल्डाने तुला लिहिलं होतं हे मला काल कळलं. मांजराची गोष्ट थाप आहे. दोन मासे मी खाल्ले, चार तिने. आईला सांग, झकास होते.

घरी येऊन तीन आठवडे झाले. मांडीपर्यंत प्लास्टर. खिडकीशी खुर्ची टाकून बसतो आणि गावातला टपालवाला कोणाची पत्रं चुकीच्या दारात टाकतो ते बघतो. ऑगस्टपर्यंत पुन्हा मैदानात असेन म्हणतात.

तुझ्या पत्रात माफी होती. ती तुझ्यापाशीच ठेव. पाय हा पायच असतो, मोडतो. पण पेपरात मार्सबीच्या संघात गेले तीन शनिवार तुझं नाव दिसत नाही. तीन सामन्यांची बंदी तर केव्हाच संपली. मग आहेस कुठे? आजारी आहेस की रुसलायस?

मिस्टर-बिस्टर नको. मला सगळे क्लिफ म्हणतात.

क्लिफ ऑर्मरॉड


मार्सबी
१५ जानेवारी १९७५

मिस्टर ऑर्मरॉड,

तुमचं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर जाऊन आले.

मी राखीव संघात आहे. बंदी संपल्यावर पहिला सामना बाहेरगावी होता. मैदानात पाऊल टाकलं तसे लोक ओरडायला लागले, "कसाई! कसाई!" पेपरात तेच छापलं होतं ना. ओरडण्याचं एवढं नाही. पण चेंडू समोर आला, पलीकडून त्यांचा माणूस आला, आणि माझा पाय आपोआप मागे आला. मी ठरवून नाही घेतला. दर वेळी तसंच. आमचा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "गार्बट, तुला झालर शिवलेला झगा आणू का? नाचायचंच आहे तर नीट नाच." पोरं हसली. आता मला सगळे झालर म्हणतात.

मधल्या फळीत खेळायचं आणि पाय पुढे घालायचा नाही, म्हणजे कोळ्याने पाण्याला भ्यायचं. वडील म्हणतात बंदरावर जागा आहे. मलाही तेच बरं वाटतं.

एक विचारू? चौदा वर्षं तुम्ही कसं केलंत?

डेनिस


ब्रॅकनशॉ
२४ जानेवारी १९७५

डेनिस,

विचारलंस म्हणून सांगतो. शिवाय मला दुसरं कामही नाही.

मी वीस वर्षांचा असताना सूतगिरणीत होतो आणि रविवारी गिरणीच्या संघात खेळायचो. ब्रॅकनशॉने घेतलं ते कोणीतरी आजारी पडलं म्हणून. माझ्यात काय होतं? वेग नाही, डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता, हेडिंगला उंची नाही. पहिल्या मॅनेजरने मला एकच गोष्ट सांगितली, "क्लिफर्ड, चेंडू आपल्यातल्या शहाण्या माणसाकडे दे आणि पुन्हा आणायला जा." चौदा वर्षं मी तेवढंच केलं.

सत्तावीस वर्षांचा होतो तेव्हा पहिल्या डिव्हिजनच्या एका मोठ्या क्लबने लंडनला बोलावलं. गावात बँड वाजायचा बाकी होता. तिथे दोन सराव सामने खेळलो. त्यांची मधल्या फळीतली माणसं, डेनिस! मी चेंडूपाशी पोचायचो तेव्हा ते तिथून निघून, पास देऊन, दुसरीकडे उभे. मी नुसता त्यांनी सोडलेल्या जागी हजेरी लावत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस फार सभ्यपणे बोलला. परतताना गाडीत मी रडलो, हे हिल्डालाही माहीत नाही. पण गावात उतरलो तर फलाटावर हमाल म्हणाला, "आलास? बरं झालं. शनिवारी आपल्याकडे कोणीच नाही." ते ऐकून इतकं हलकं वाटलं की मी त्याची ढकलगाडी ढकलू लागलो.

तर मी कुठवरचा आहे ते मला कळलं, आणि तेवढ्या जागेत पाय रोवून उभा राहिलो. चौथी डिव्हिजन म्हणजे काय असतं ते तुला वेगळं सांगायला नको. गुडघाभर चिखल, सहा-सहा तास बस, कोमट आंघोळ, आणि दोन हजार माणसं. पण ती दोन हजार माणसं आठवडाभर खाणीत नाहीतर मागावर असतात, आणि शनिवारी पावणेपाचपर्यंत त्यांच्यासाठी राबणारा तू असतोस. हे काम लहान नाही.

आता टॅकलचं, म्हणजे चेंडूसाठी पाय घालण्याचं. भीती जात नाही, मलाही कधी गेली नाही. पण एक ध्यानात ठेव, अर्ध्या मनाने घातलेला पाय मोडतो. स्वतःचा नाहीतर दुसऱ्याचा. जायचं तर सगळं अंग घेऊन जा, आणि डोळा चेंडूवरून हलवू नकोस. माणसाकडे बघायचंच नाही. माणसाकडे बघितलं की संपलं.

बंदरावरची मासळी कुठे पळून जात नाही. एवढा हंगाम काढ.

क्लिफ


मार्सबी
३ मार्च १९७५

मिस्टर ऑर्मरॉड,

तुमचं पत्र बुटांच्या पिशवीत ठेवलंय. पार मऊ पडलंय.

पहिल्या संघात परत घेतलं, चार सामने झाले. चांगलं आधी सांगतो. पास बरे जातात. शहाण्या माणसाकडे देतो, पुन्हा आणायला जातो. आमच्यात शहाणा माणूस एकच आहे, तोही परवा सुजलेला घोटा घेऊन बसला. पण समोरासमोरचा चेंडू आला की अजून पाय मागेच येतो. शनिवारी त्यावरूनच आमच्यावर गोल झाला.

तुमचं प्लास्टर निघालं का? ऑगस्टमध्ये तुम्ही उतराल तेव्हा मी गोलपोस्टमागे तिकीट काढून उभा राहणार आहे.

डेनिस


ब्रॅकनशॉ
१२ एप्रिल १९७५

डेनिस,

हे पत्र मी लिहिलं हे क्लिफला सांगू नकोस.

पहिल्यांदा तुला तुसडं लिहिलं, त्याबद्दल वाईट वाटतं. तुझी पत्रं यायला लागली तसा तो रोज दाढी करू लागला. आधी करत नव्हता. तू ऑगस्टचं लिहिलंस, म्हणून हे सांगते. तो पुन्हा खेळणार नाही. डॉक्टरांनी नाताळाआधीच सांगितलं. हाड वाकडं जुळलंय, पाय दीड बोट आखूड झालाय. उन्हाळ्यात हाड पुन्हा कापून जोडणार आहेत, तेही काठीशिवाय चालता यावं म्हणून.

तुझ्या मनाला लागू नये म्हणून तो लपवतो असं मला वाटत होतं. पण अलीकडे वाटतं, आणखीही काही असावं. तुझं नाव निघालं की तो गप्प होतो, आणि रागावलेला माणूस गप्प होतो तसा नाही.

हिल्डा


मार्सबी
२० एप्रिल १९७५

मिस्टर ऑर्मरॉड,

मार्सबीने मला सोडलं. शुक्रवारी बोर्डावर यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. सोमवारपासून बंदरावर जातोय. बरंच झालं.

तुम्ही ऑगस्टमध्ये उतरणार नाही हे मला कळलंय. कसं ते विचारू नका. तुमची पाचशे अकरा मॅचची कमाई मी एका क्षणात संपवली, आणि तुम्ही मला बसून टॅकल शिकवत होतात. ज्याने तुमचा पाय घेतला त्याने खेळत राहावं हे बरोबर नाही. मी बूट शेजारच्या मुलाला देऊन टाकले.

तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. एवढंच सांगायचं होतं.

डेनिस


ब्रॅकनशॉ
२४ एप्रिल १९७५

डेनिस,

तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही, हे तुझं वाक्य वाचलं आणि आता गप्प बसवत नाही.

त्या दिवशी पूर्वार्धात तू माझ्या पायांमधून चेंडू काढलास आणि मला वळसा घालून पुढे गेलास. आठवतं का? तुला नसेल आठवत. तुझ्या वयात ते दिवसातून चारदा जमतं. पण माझं मैदान हसलं. माझेच लोक. हसण्यात वाईट काही नव्हतं, पोर हुशार निघालं म्हणून हसले. पण चौदा वर्षांत ते मला कधी हसले नव्हते. आणि दोन वर्षांपासून माझे पाय जड होत चालले होते, ते मी सगळ्यांपासून लपवत होतो. त्या हसण्यात मला ते ऐकू आलं.

त्यानंतर मी चेंडू बघतच नव्हतो. तुला बघत होतो. म्हटलं, या पोराला धडा शिकवायचा. चेंडू मधे आला तेव्हा तू त्याच्याकडे बघत घसरलास, आणि मी तुझ्या घोट्याकडे बघत. मी पाय चेंडूच्या वरून घातला, डेनिस. बुटाचे खिळे वर करून. मी तुझा पाय मोडायला निघालो होतो असं म्हणालास तरी मी नाही म्हणणार नाही. तुझा बूट चेंडूवर घट्ट होता, माझी नडगी त्याच्यावर पडली, आणि बाकीचं माझ्याच वजनाने केलं. रेफरीला मागून उलटं दिसलं.

स्ट्रेचरवर असताना लोक तुला कसाई म्हणत होते ते मी ऐकलं. तेव्हा वेदना होत्या, बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वेदना कमी होत्या, तेव्हाही बोललो नाही. मग तुझं पत्र आलं. त्यानंतरचं गप्प राहणं मात्र सगळं शुद्धीवर असताना केलेलं आहे.

पाय मी घातला. तू नाही.

क्लिफर्ड ऑर्मरॉड


मार्सबी
१२ मे १९७५

ऑर्मरॉड,

सहा महिने. सहा महिने मी झोपेत पाय मागे घेत होतो. आई दुकानात गेली की लोक तिच्याकडे बघायचे. आणि तुम्ही मला लिहीत होतात, माणसाकडे बघू नकोस!

पुन्हा लिहू नका.

डेनिस गार्बट


ब्रॅकनशॉ
२ जून १९७५

डेनिस,

तू लिहू नकोस म्हणालास ते क्लिफला. मला नाही. म्हणून लिहिते.

शुक्रवारी क्लबच्या सभागृहात क्लिफचा निरोप समारंभ होता. चारशे माणसं. भिंतीला टेकून उभी, खिडक्यांत बसलेली. बटाटे आणि कांदे विकणाऱ्या गाडीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे. अध्यक्षांनी भाषण केलं, लोकांनी टेबलं बडवली. मग क्लिफ दोन कुबड्यांवर उभा राहिला. मला वाटलं, आभार मानेल आणि रडेल.

त्याने आभार मानले नाहीत. तो म्हणाला, "नोव्हेंबरात माझा पाय मार्सबीच्या पोराने मोडला असं तुम्ही समजता. तसं नाही. मी त्याचा मोडायला गेलो होतो." आणि सगळं सांगितलं. हसण्याचंसुद्धा.

मागून कोणीतरी म्हणालं, "बस रे क्लिफ, औषध चढलंय तुला."

"औषध घेतलेलं नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणखी सावकाश. मग पर्सी डकवर्थ उठला. मटण विकतो, तीस वर्षं गोलपोस्टमागे उभा राहतो, तोंडाचा फाटका. म्हणाला, "मग आम्ही त्या पोराला एवढ्या शिव्या घातल्या, त्या कोणाच्या होत्या?"

"माझ्या," क्लिफ म्हणाला. "आता दे. इथेच उभा आहे."

पर्सी म्हणाला, "मला आता सुचत नाही," आणि खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी ओरडलंही नाही. काही लोक उठून गेले. काही येऊन त्याच्या खांद्याला हात लावून गेले. साप्ताहिकात दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द छापून आलं. कात्रण सोबत आहे, आईला दे. दुकानात घेऊन जा म्हणावं.

मलाही तिथेच पहिल्यांदा कळलं, चारशे लोकांबरोबर. घरी येताना मी पुढे पुढे चालले, तो मागून कुबड्यांवर. कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघितलं नाही. मग थांबले. काय करणार? इतके महिने खरं लपवत होता तो माझा नवरा आणि आज खरं बोलला तोही माझाच. आणि खरं सांगू का, त्या बरगडीच्या शनिवारीसुद्धा मला त्याचा इतका अभिमान वाटला नव्हता. त्याला मी हे अजून बोललेली नाही. थोडे दिवस जाऊ देत.

क्लब त्याला राखीव संघाचा प्रशिक्षक करतोय. मॅनेजर टॅटरसॉल यांनी विचारलं, तुझ्या जागी कोण? त्याने एकच नाव दिलं. त्यांचं पत्र तुला येईल. क्लिफ लिहिणार नाही. म्हणतो, मला तोंड नाही.

हिल्डा


मार्सबी
१९ जून १९७५

मिस्टर ऑर्मरॉड,

टॅटरसॉल यांचं पत्र आलं. कात्रण आईने दुकानात नेलं. चारदा नेलं, काही घ्यायचं नव्हतं तेव्हासुद्धा.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "खोटं बोलणारे ढीगभर पाहिलेत. स्वतःच्या सत्कारात उभं राहून कबूल करणारा नाही पाहिला. राग धरायचा तर धर, पण जाऊन धर."

माझा राग गेलेला नाही. पण एकच विचारायचं आहे, खरं सांगा. अर्ध्या मनाने घातलेला पाय मोडतो, हे लिहिलंत, ते मला बरं वाटावं म्हणून होतं की खरं होतं?

डेनिस


ब्रॅकनशॉ
२३ जून १९७५

डेनिस,

खरं होतं. मी लिहिलेल्यात तेवढंच सगळ्यात खरं होतं.

सराव ७ जुलैला सुरू होतो. नवे बूट आण.

क्लिफ


ब्रॅकनशॉ
१७ ऑगस्ट १९७५

क्लिफ,

पायाचं ऑपरेशन होऊन तुम्ही मँचेस्टरच्या हॉस्पिटलात पडून आहात आणि हिल्डा म्हणतात की नर्सनी रेडिओ लावू दिला नाही, म्हणून कालचं सगळं लिहितो. आम्ही एक-एक बरोबरीत सुटलो. दोन्ही गोलांत माझा हात नाही. पायही नाही.

नावं पुकारली तेव्हा बाकी दहांना टाळ्या पडल्या. माझ्या नावाला काहीच नाही. शिव्यासुद्धा नाहीत. दोन हजार माणसं गप्प बसलेली मी कधी ऐकली नव्हती. गोलपोस्टमागून एकटाच आवाज आला, "बघू या, बघू या." तो पर्सी डकवर्थ, हे मला नंतर कळलं.

अर्धा तास मी पास देत होतो आणि पळत होतो. मग त्यांच्या गोलकीपरने चेंडू लांब मारला, मधोमध पडला, उसळला, आणि पलीकडून त्यांचा लाल केसांचा आठ नंबर सुटला. अगदी तसाच चेंडू. मला कळलं की आता पाय मागे येणार. गुडघ्यात ते सुरू झालंसुद्धा, मला जाणवलं. पण मी चेंडूकडेच बघत होतो, क्लिफ. त्याच्यावर चिखलाचा एक ठिपका होता आणि तो फिरत होता, तेवढंच बघत होतो. आणि मी गेलो. सगळं अंग घेऊन.

चेंडू माझ्या पायाला चिकटून बाहेर आला आणि आपल्या शहाण्या माणसाकडे गेला. सामना पुढे निघून गेला. मी मात्र तिथेच गुडघ्यांवर होतो, कारण लाल केसांचा खाली पडला होता आणि हलत नव्हता. मी तुमच्या नावाने काहीतरी बडबडलो असेन.

त्याने तोंडातली माती थुंकली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बघतोस काय असा? हात दे की."

मी हात दिला. तो उठला. पँट झटकली. मग दोन पावलं चालला, मग धावायला लागला. चेंडू कुठे आहे ते सोडून मी त्याचे पाय बघत राहिलो, एक, दोन, एक, दोन, दोन्ही नीट पडत होते. तेवढ्यात मागून पर्सी ओरडला, "ए गार्बट! जत्रेला आलायस का? पळ!"

आणि मी पळालो.

डेनिस